माझा उजवा हात कामाला लावणाऱ्या फिजिओ मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे. पोळ्या लाटणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या कितीतरी बायका कोपर चोळत बसलेल्या मला दिसतात. "नस आखडलीय, जाईल आपोआप" म्हणत वर्ष काढतात. तुम्ही मला जे समजावलंत, ते त्यांच्याही कानावर पडायला हवं.

तुमच्याकडे आले तेव्हा भरलेलं पातेलं माझ्या हातात ठरत नव्हतं. कोपराच्या बाहेरच्या अंगाला जे हाड लागतं, तिथे नुसतं बोट टेकलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. कपडे पिळताना, कुलपात किल्ली फिरवताना, कुकर उचलताना कळ पार मनगटापर्यंत जायची. सकाळी हात आखडलेला असायचा, थोड्या पोळ्या लाटल्या की मोकळा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याचं उट्टं काढायचा. तोवर मला दोन सल्ले मिळाले होते. एक म्हणजे काम बंद करा. दुसरा स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा, आणि ते मी दुसरीकडे घेतलंही होतं. काही आठवडे हात अगदी हलका झाला, मग दुखणं पहिल्याहून जोरात उलटलं. पोळी-भाजी केंद्रावर घर चालवणाऱ्या बाईने काम बंद करून खायचं काय, हे मात्र कुणीच सांगत नव्हतं.

हात तपासण्याआधी तुम्ही विचारलंत, "काकू, दुखायला लागलं त्याच्या आधीच्या महिन्यात काय बदललं?" तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. होळीच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी आल्या होत्या आणि नेमकी मळायला येणारी मुलगी गावी गेली होती. कणीक मळणं आणि लाटणं दोन्ही एकाच हातावर आलं. तुम्ही सांगितलंत की स्नायूला हाडाशी बांधणारा टेंडन चांगला दणकट असतो, पण त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून तो सवय करून घ्यायला महिने लावतो. स्नायू काही आठवड्यांत वाढीव कामाला तयार होतो, टेंडन मागे राहतो. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या त्या हाडापाशी येऊन चिकटतात. लाटणं घट्ट धरलं की मनगट स्थिर ठेवायला तेच राबतात. म्हणून काम मनगटाचं आणि कळ कोपरात.

मग तुम्ही साखर विचारलीत, कारण मधुमेहात टेंडन जाड आणि कडक होतात आणि दुखणं रेंगाळतं. हल्ली कुठलं अँटिबायोटिक घेतलं का, तेही विचारलंत. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गोळ्यांमुळे टेंडनला, विशेषतः टाचेमागच्या, इजा होऊ शकते आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यांच्या माहितीपत्रकात चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला, हे मला तुमच्याकडूनच कळलं. सर्दी-पडशालाही आपणहून दुकानातून गोळ्या आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

इंजेक्शनबद्दल तुम्ही कुणाला नावं ठेवली नाहीत, फक्त आकडे सांगितलेत. ऑस्ट्रेलियात याच दुखण्याच्या १६५ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये छापून आला. स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांचं दुखणं वर्षभरात उलटलं, नुसतं औषधाविना इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. जुनाट दुखण्यात टेंडनमध्ये सूज फारशी उरलेलीच नसते. सुंभाचा पीळ सुटावा तसे त्याचे तंतू विस्कटलेले असतात आणि ते पुन्हा नीट बसायला त्यांच्यावर बेताचा ताण यावाच लागतो. हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की माझं दुखणं कुणाला तरी समजलंय.

तरी व्यायामाची भीती होतीच. दुखऱ्या हाताने वजन उचलायचं? तेव्हा तुम्ही स्वीडनच्या डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांची गोष्ट सांगितलीत. त्यांच्या स्वतःच्या टाचेमागचा टेंडन दुखत होता आणि वरिष्ठ ऑपरेशन करायला तयार नव्हते. एकदाचा तुटला तर ऑपरेशन तरी करतील, म्हणून त्यांनी त्यावर मुद्दाम जड व्यायाम सुरू केला, आणि पाय बरा झाला. पुढे त्यांनी १५ हौशी खेळाडूंना बारा आठवडे तोच व्यायाम दिला आणि १९९८ मध्ये निष्कर्ष छापले. दुखऱ्या टेंडनला नुसतं निजवून ठेवायचं नाही, हा विचार त्यानंतर जगभर रुजला.

माझा व्यायाम साधाच. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली, मुठीत पाण्याची बाटली. आधी मनगट नुसतं धरून ठेवायचं. पुढे डाव्या हाताने वर उचलून द्यायचं आणि उजव्याने सावकाश खाली सोडायचं. बाटली अर्धी, मग भरलेली, मग डंबेल. दुखलं तर किती, हे दहापैकी सांगायचं: तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते खाली आलेलं हवं, नाहीतर वजन कमी. हा नियम मी आमच्या ओट्यावर लिहून चिकटवलाय.

आणि तुम्ही खरंच आमच्या केंद्रात येऊन उभ्या राहिलात! ओटा माझ्यासाठी उंच होता, पायाखाली पाट आला. लाटण्याच्या मुठींना कापड गुंडाळून त्या जाड केल्या, म्हणजे आवळून धरावं लागत नाही. काही दिवस मळणं मशीनवर आणि लाटणं वाटून घ्यायचं ठरलं. कोपराखालचा पट्टा फक्त कामापुरता. तुम्ही एकदाही "बंद करा" म्हणाला नाहीत, "किती करायचं" ते सांगितलंत. माझी रोजची चूल त्यामुळे पेटती राहिली. याचे आभार कसे मानू, मला खरंच कळत नाही.

पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलं होतंत की निदान तीन महिने धीर धरा, मध्येच बरं वाटलं म्हणून सोडू नका. तसंच झालं. दुसऱ्या महिन्यात काहीच हलेना तेव्हा मी रडले होते, तुम्ही बाटली बदललीत आणि चहा पाजलात.

आता कुकर मीच उतरवते. फार पिळणं झालं की कोपर अजून बोलतं, मग दोन दिवस हात आखडता घेते. माझ्याकडच्या दोघी मुलींनाही दुपारी बाटली घेऊन बसवते. यंदा पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी महिनाभर आधीपासून थोड्या थोड्या वाढवायच्या ठरवल्यात. तो हिशोब घेऊन पुढच्या आठवड्यात येते, तुम्ही एकदा नजर टाका.

तुमची,
पोळी-भाजी केंद्रवाली काकू