आई, तुझंही दाखवून घेऊया

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर बाळंतपणानंतरच्या त्रासाचं बोलायला गेलं की आई तू दर वेळी "पिल्लू काय करतंय" म्हणून विषय बदलतेस, आणि बाबा, बायकांचं काही निघालं की तुम्ही फोन आईच्या हातात देऊन बाहेर कट्ट्यावर जाऊन बसता. म्हणून लिहून पाठवतीय. बाबा, तुम्ही पण वाचायचं, चष्मा लावून, शेवटपर्यंत. यातलं बरंच तुमच्यासाठीच आहे.

आधी माझं सांगते. पिल्लूच्या वेळी मला टाके पडले एवढं तुम्हाला माहितीय, पण ते टाके साधे नव्हते. नॉर्मल डिलिव्हरीत पहिलटकरणीला थोडंफार फाटतंच, इंग्लंडमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की पहिल्या खेपेला दहातल्या नऊ जणींना काही ना काही जखम होते, खरचटणं, चीर, टाके असं सगळं धरून. बहुतेकींचं वरवरचं असतं, दोन-तीन आठवड्यांत भरतं. पण शंभरातल्या साधारण सहा पहिलटकरणींचं फाटत फाटत मागे जातं, संडासच्या जागेभोवती जो गोल स्नायू असतो ना, ज्याच्यावर आपण गॅस आणि शी धरून ठेवतो, तिथपर्यंत. त्याला थर्ड डिग्री म्हणतात. त्याच्याही पुढे आतड्याच्या अस्तरापर्यंत गेलं तर फोर्थ. माझं थर्ड डिग्री होतं. बाळ पावणेचार किलोचं, कळा देऊन देऊन मी थकलेली, बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून डॉक्टरांनी चिमटा लावला. बाळ सुखरूप आलं. मग मला ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन पाठीत इंजेक्शन देऊन शिवलं, म्हणून मला बाहेर यायला इतका उशीर झाला, तुम्ही दोघं तेव्हा बाहेर बाकावर बसून होता आणि सगळे म्हणत होते टाके घालतायत, होईल आता.

शिवलं चांगलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की डिस्चार्ज कार्डवर ते दोन शब्द लिहून मला घरी पाठवलं, पुढे काय काय होऊ शकतं, कुणाकडे जायचं, हे कुणीच सांगितलं नाही. अँटिबायोटिक आणि शी पातळ व्हायचं सिरप दिलं, बस. त्या दिवसांत आई तू होतीस म्हणून मी तगले. शेजारच्या काकूंनी बाळंतिणीला पाणी कमी द्या, पालेभाजी नको, धुरी द्या असं सगळं सांगितलं होतं आणि तू त्यांना सरळ सांगितलंस की डॉक्टर म्हणतील तेच होणार. ते किती मोठं काम होतं ते मला नंतर कळलं, कारण अशा टाक्यांना सगळ्यात वाईट काय तर बद्धकोष्ठ, कुंथायला लागलं की टाक्यांवर ताण येतो. तू तांब्याने पाणी पाजलंस, पपई दिलीस, डिंकाचा लाडू अर्धाच दिलास. पहिल्यांदा शीला जायची वेळ आली तेव्हा मी रडत होते आणि तू दाराबाहेर उभी राहून बोलत होतीस, ते मी विसरणार नाही.

सव्वा महिन्यानं तू गेलीस आणि मग मला खरं कळायला लागलं की काहीतरी बिनसलंय. गॅस धरता येईना. शी लागली की लागली, दोन मिनिटं थांबता येत नव्हतं, बाळ अंगावर पीत असलं तरी त्याला तसंच गादीवर ठेवून पळायचं. शिंकलं की लघवी. खाली बसलं की आत जडपणा, काहीतरी उतरल्यासारखं. बारशाला पाहुणे आले होते तेव्हा मी सारखी उठून आत जात होते ना, ते त्यासाठी होतं. घराबाहेर पडायचं म्हटलं की आधी डोक्यात हेच, तिथे संडास कुठे असेल. ऑफिसला परत जायची तारीख जवळ यायला लागली तशी मला झोप लागेना. नवऱ्याच्या जवळ जायचीही भीती वाटायची, आई तुला कळेल मी काय म्हणतीय.

आणि सगळ्या बायका एकच सांगायच्या, बाळंतपणानंतर असं होतंच, सगळ्यांनाच होतं, हळूहळू होईल. हे ऐकून मला बरं वाटायच्या ऐवजी एकटं वाटायचं. होतं हे खरं आहे पण होतं म्हणजे तसंच ठेवायचं असं कुठे आहे, हात मोडणंही पुष्कळ जणांना होतं, आपण प्लास्टर घालतोच की.

शेवटी तुमच्या जावयांनी शोधून काढलं की पुण्यात फक्त बायकांच्या या त्रासासाठीच्या फिजिओथेरपिस्ट असतात. मला वाटायचं फिजिओ म्हणजे गुडघे आणि कंबर. त्या मॅडमनी पहिल्या दिवशी तपासलं कमी आणि विचारलं जास्त. गॅस धरता येतो का, शी डागते का, किती वेळा, हे सगळं इतकं सरळ विचारलं की मला पहिल्यांदा मोकळं बोलता आलं. त्यांनी चित्र काढून दाखवलं, कमरेच्या हाडांच्या खालच्या बाजूला स्नायूंची एक झोळी असते, पुढून लघवीची पिशवी, मधे गर्भाची पिशवी, मागे आतडं, हे सगळं त्या झोळीवर पेललेलं असतं. बाळ खाली येताना ती झोळी खूप ताणली जाते, कधी कधी हाडापासून सुटते सुद्धा. माझा मागचा गोल स्नायू शिवलेला होता पण त्याला काम करायचं परत शिकवायला लागणार होतं.

मग व्यायाम. केगल व्यायाम म्हणतात, अर्नॉल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९४८ मध्ये त्यावर लिहिलं होतं, म्हणजे बघ आई, तुझ्या जन्माच्याही आधीपासून हे माहिती आहे. गॅस धरल्यासारखं आत आणि वर ओढायचं, काही सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि किमान तीन महिने. पोट, मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. ऐकायला सोपं आहे पण मी आधी यूट्यूबवर बघून करायचे ते उलटं होत होतं, वर ओढायच्या ऐवजी खाली ढकलत होते, पुष्कळ बायकांचं असंच होतं म्हणे. मॅडमनी एक मशीन लावून स्क्रीनवर रेघ दाखवली, नीट आवळलं की रेघ वर, सोडलं की खाली. पहिल्या दिवशी रेघ जेमतेम हलली. मी खूप रडले त्या दिवशी. मॅडम म्हणाल्या रडा, पण उद्या सकाळी परत करा.

त्यांनी आणखी छोट्या छोट्या गोष्टी सांगितल्या त्यांचा फार उपयोग झाला. कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल घ्यायचं, पुढे वाकून बसायचं, कुंथायचं नाही. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की त्याच्या आधी आवळायचं. बाळाला उचलताना श्वास सोडत उचलायचं. सारखं "असू दे, आत्ताच जाऊन येते" करत लघवीला पळायचं नाही, नाहीतर पिशवीला थोडक्यातच भरल्याची सवय लागते.

आता वर्ष होऊन गेलंय. गॅस धरता येतो, शीला थांबता येतं, लघवी गळायचं जवळपास थांबलंय, खूप दमले असले तर मात्र अजून तो जडपणा येतो. अशी जखम नीट शिवली तर वर्षभरानंतर शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींना काही त्रास राहत नाही, मी त्यांच्यात यायच्या वाटेवर आहे. दुसऱ्या बाळाचं तुम्ही विचारत असता, त्याचं एवढंच की तेव्हा नॉर्मल की सिझर हे आधी डॉक्टरांशी बसून ठरवायचं, मागच्या स्नायूची सोनोग्राफी करून. आत्ता तो विषय नको.

आता तुझं, आई. इथून पुढे विषय बदलायचा नाही.

मॅडमनी माझ्याकडून घरातल्या बायकांची माहिती विचारली तेव्हा मी सांगायला लागले आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात यायला लागलं. तू हसताना मांडीवर मांडी का चढवतेस. नळाला पाणी आलं की घागरी भरून झाल्यावर भिंतीला टेकून पाय जवळ घेऊन का बसतेस. तुळजापूरला एसटीनं जायचं ठरलं की तुझंच डोकं नेमकं का दुखतं. बाळंतपणाला माझ्याकडे होतीस तेव्हा बाथरूमला इतका वेळ लागायचा आणि बाहेर येऊन म्हणायचीस, काही नाही गं, अंग बाहेर येतं थोडं, सरकवलं की होतं बरोबर. अंग म्हणजे गर्भाची पिशवी, ती खाली उतरते, आणि किती सहज बोललीस ते. किती वर्षं सरकवतीयस तू? दादाच्या वेळी तुलाही चिमटा लावला होता, तूच सांगितलंस मला. आणि बारसं झाल्यावर तू परत पाणी भरायला लागलीस कारण इचलकरंजीत पाणी आलं की कोण बाळंतीण आणि कोण नाही असं नसतं, आणि आजी म्हातारी होती आणि बाबा यंत्रमागावर रात्रपाळीला होते. माझ्या जखमेला थिएटर, टाके, सिरप, फिजिओ सगळं मिळालं. तुझ्या जखमेला कुणी जखम सुद्धा म्हटलं नाही.

तुला वाटतं हे वयाचं आहे. वयाचा भाग आहेच, पाळी गेल्यावर तिथले स्नायू आणि कातडी पातळ होते म्हणून जास्त जाणवतं, जुना खोकला, वजन उचलणं, बद्धकोष्ठ यांनीही वाढतं. पण मूळ त्या बाळंतपणांत आहे. आणि तू एकटी नाहीस. गडचिरोलीला डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांना तपासलं होतं, १९८९ मध्ये ते जगभरात छापून आलं, त्यात शंभरातल्या ब्याण्णव बायकांना काही ना काही अंगावरचं दुखणं निघालं आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. मी त्याच वर्षी जन्मले. त्या ब्याण्णवांत तू नव्हतीस पण असतीस.

मला माहितीय तुला कशाची भीती आहे, गर्भाची पिशवी काढायला लावतील. भीती उगाच नाहीये, बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये सगळ्या पेपरात आलं होतं. म्हणून एकाच डॉक्टरवर थांबायचं नाही, दोघांना विचारायचं. पण अंग बाहेर येण्यावर पिशवी काढणं हा एकच उपाय नाही. थोडंच उतरलं असेल तर फिजिओकडे नीट शिकून चार महिने व्यायाम करतात. सिलिकॉनची एक रिंग मिळते, पेसरी म्हणतात, डॉक्टर मापाची बसवतात, ती आतून आधार देते, काही महिन्यांनी काढून धुऊन किंवा बदलून परत बसवतात, ऑपरेशन नाही काही नाही, आणि बसवलेली आहे हे चालता-फिरता कळतही नाही. सोबत एक मलम देतात तिथला कोरडेपणा कमी व्हायला. ऑपरेशन लागलंच तर पिशवी ठेवून वर बांधून घ्यायचीही ऑपरेशनं आहेत, मुंबईत हे काम फार आधीपासून चालू आहे, आपल्या गोव्यात जन्मलेल्या डॉ. शिरोडकरांच्या नावानं तसलं एक ऑपरेशनच आहे. कुठलं तुला लागेल ते तपासल्यावर कळेल, लागेल की नाही ते पण तेव्हाच.

बाबा, आता तुम्ही. तुम्ही आईला काही विचारत नाही कारण तुम्हाला वाटतं तिला अवघड वाटेल, आणि ती सांगत नाही कारण तिला वाटतं तुम्हाला अवघड वाटेल. या अवघड वाटण्यात तिची तीस-पस्तीस वर्षं गेली. तुम्ही तुमच्या हर्नियाचं ऑपरेशन केलंत तेव्हा आख्ख्या गल्लीला माहीत होतं, सगळे बघायला आले होते, नारळपाणी घेऊन. तिचंही तेवढंच साधं दुखणं आहे. तुम्ही फक्त एवढं करा, पाण्याच्या दिवशी घागरी आणि बादल्या तुम्ही उचला किंवा दादाला सांगा, मोटर आणि पाइप लावायचं तो कधीपासून म्हणतोय त्याला हो म्हणा, आणि आईला एकदा तुमच्या तोंडानं सांगा की आपण दाखवून घेऊ. माझ्या सांगण्यापेक्षा ते तिला जास्त पटेल.

मी मिरजेच्या एका लेडी डॉक्टरांची सोमवारी सकाळची वेळ घेतलीय. आम्ही तिघं शनिवारी रात्री पोचतो. बाबा, आईच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि मागच्या वर्षीचे रक्ताचे रिपोर्ट लोखंडी कपाटात वरच्या खणात आहेत ते काढून पिशवीत ठेवा. आई, साडी नेस किंवा ड्रेस घाल, जे सोपं वाटेल ते, आणि सोमवारचा उपास आहे म्हणू नकोस, डॉक्टरांना त्याचं काही नसतं. आत मी तुझ्याबरोबर असेन. पिल्लूला बाहेर बाबा सांभाळतील, त्याची बाटली आणि खिमट मी आणतेय.

तुमची,
ताई