गुठळी ओढून काढली नाही म्हणून भांडू नका

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी बेळगावात एका कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळी घालून हृदयाच्या धमन्या तपासायच्या आणि उघडायच्या खोलीत, टेक्निशियन आहे. हल्ली अटॅकचा पेशंट आला की नातेवाईक मोबाईलवर व्हिडिओ दाखवालेत, नळी घालून रक्ताची गुठळी ओढून काढलेला, आणि विचारतात आमच्या बाबांची का नाही काढली, नुसता बलून मारून स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवला, पैसे कमी पडले म्हणून काय? तसं नसतंय हो.

ती नळी मनगटातनं किंवा जांघेतनं हृदयाच्या धमनीपर्यंत घालायची, मागनं सिरिंजनं ओढायचं, रक्त जाळीवर गाळलं की बारीक लाल तुकडे राहतात. ते बघून कुणालाही वाटणार की हेच खरं काम. डॉक्टरांनाही वाटायचं, 2008 मध्ये नेदरलँड्सच्या टापास अभ्यासात रिझल्ट चांगले आले होते. पण पुढं 2013 ला ‘टेस्ट’ (TASTE) आणि 2015 ला ‘टोटल’ (TOTAL) नावाचे मोठे अभ्यास आले, टोटलमध्ये तर दहा हजारांवर पेशंट, आणि सरसकट सगळ्यांची गुठळी ओढून मृत्यू काही कमी झाले नाहीत, उलट टोटलमध्ये पहिल्या महिन्यात स्ट्रोक (मेंदूचा झटका) गुठळी न ओढलेल्यांत 0.3 टक्के तर ओढलेल्यांत 0.7 टक्के झाले. म्हणून आता अमेरिका-युरोपच्या गाईडलाईन सरसकट करू नका म्हणतात. गुठळी फारच मोठी असली, बलूननंतरही रक्त पुढं जाईना, तर अजूनही ओढतात, ते डॉक्टर स्क्रीन बघून तिथल्या तिथं ठरवतात.

खरा जीव जातो तो उशिरानं. कणकुंबी, जांबोटीकडचा माणूस छातीत कळ आली की गॅस म्हणून गोळी घेतो, सकाळी बघू म्हणतो, मग गाडी शोधायची, तोवर हृदयाचा स्नायू मरत असतो आणि मेलेला स्नायू कुठल्याच नळीनं परत येत नाही. अँजिओप्लास्टीला, म्हणजे बलून-स्टेंटला, दोन तासांत पोचणं जमत नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच घ्यावं, पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण जास्त. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावानं कर्नाटक सरकारची हृदयज्योती योजना आहे, त्यात तालुका दवाखान्यात ईसीजी काढून मोठ्या सेंटरला दाखवतात आणि गरज असली तर टेनेक्टेप्लेज नावाचं हे गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन फुकट देतात. आपल्या मराठी गावांत हे किती जणांना माहीत आहे?

तेव्हा विनंती एवढीच, बेळगाव जिल्ह्यात हे इंजेक्शन कुठल्या कुठल्या दवाखान्यात मिळतं ती यादी आरोग्य खात्याकडनं घेऊन मराठीत छापा, आणि एकदा नको, दर महिन्याला छापा.

– एक कॅथलॅब टेक्निशियन, बेळगाव