मशीनला बुवांच्या मागून चालायला लावणाऱ्या दादांस

आदरणीय दादा,
सादर नमस्कार.

आपले नाव या पत्रात लिहू नये असे आपण बजावून सांगितले आहे, म्हणून 'दादा' एवढ्याच संबोधनावर थांबते. चिपळूण-गुहागर भागात ज्यांचा ढोलकीशी आणि माइकशी संबंध येतो, त्यांना हे पत्र कोणाला लिहिले आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही. आपण ध्वनिमुद्रित केलेला आमचा अल्बम गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून लोक माझे कौतुक करत आहेत. त्या कौतुकातला मोठा वाटा आपला आहे, हे मी प्रत्येकाला सांगते. पण समोरासमोर आभार मानायला गेले की आपण "असू दे गं" म्हणून विषय बदलता. लेखी आभारांना तसे करता येत नाही, म्हणून हे उघड पत्र.

ज्यांना या अल्बमची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. जाखडी या कोकणातल्या लोकनृत्याच्या चालींवर नवे शब्द बांधून ती गाणी डान्स-पॉपच्या अंगाने करावीत, ही कल्पना माझ्या डोक्यात फार दिवसांपासून होती. मध्यभागी शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाला बसलेले, भोवती रिंगण धरून नाचणारी मुले आणि शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे सवाल-जवाब ऐकत रात्र जागवणारे गाव, हे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे त्याला नाचाचे संगीत परदेशातून आणावे लागत नाही. आजच्या नृत्यसंगीताची गती बहुधा मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांच्या दरम्यान असते, आणि आमचे ढोलकीवादक बुवा यांची चढती गत मोजून पाहिली तेव्हा तीही नेमकी तिथेच फिरत होती. तेव्हा या दोघांची सोयरीक जमवण्यात काही ओढूनताणून होते, असे मला आजही वाटत नाही.

अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. आपल्याकडे येण्याआधी आम्ही मुंबईतील एका स्टुडिओत गेलो होतो. काचा चकचकीत, गारवा भरपूर आणि बोलणे सगळे घाईचे. तिथल्या तरुण रेकॉर्डिस्टने बुवांच्या कानावर हेडफोन चढवले, त्यात क्लिकची, म्हणजे ठरलेल्या गतीच्या ठोक्यांची, टिकटिक सोडली आणि काचेपलीकडून सांगितले, की काका, फक्त याच्याबरोबर वाजवा. ज्या माणसाने उभी हयात जाखडीच्या रिंगणात वाजवण्यात घालवली, त्याचा हात त्या दिवशी अडखळला. काचेपलीकडे दोघे जण एकमेकांकडे पाहून हसले, ते बुवांनी पाहिले. पुढे आम्हाला न विचारता त्यांची ढोलकी काढून टाकण्यात आली आणि कुठल्या तरी संग्रहातील तयार ढोलकीचा दोन मात्रांचा तुकडा गाणेभर डकवण्यात आला. सर्व गाण्यांचा आवाज इतका ठासून भरला होता, की थाप आणि थापेमागची उसंत एकाच पातळीवर येऊन बसली होती. पूर्ण पैसे भरल्यानंतरही मूळ सेशन फाइल, म्हणजे एकेका वाद्याची सुटी ध्वनिमुद्रणे, मिळाल्या नाहीत. व्हॉट्सॲपवर एक एमपी३ आली आणि त्यानंतर फोन उचलणे बंद झाले. बुवांनी ती एमपी३ शांतपणे ऐकली आणि एवढेच म्हणाले, "ह्यो पोरगा कधी नाचलेला दिसत नाय." यापेक्षा नेमके परीक्षण माझ्या तरी वाचनात नाही. मात्र त्यानंतर त्यांनी ढोलकीला गवसणी घातली ती शिमग्यातही काढली नाही.

आपण आमच्यासाठी पुष्कळ केलेत, परंतु माझ्या मनात जे रुतून बसले आहे ते अगदी लहान आहे. बुवा आपल्याकडे आले ते माझ्या भिडेखातर. आपण त्यांना चहा दिलात, चिपळूणच्या पावसाची चौकशी करावी तशा सहज स्वरात विचारलेत, "बुवा, एरवी वाजवताना आपण बघता कुठे?" बुवा म्हणाले, "नाचणाऱ्यांच्या पायांकडं." आपण क्षणभर काही बोलला नाहीत. मग माइकच्या दांडीवर अडकवलेले हेडफोन काढून घेतलेत, स्वतःच्या गळ्यात घातलेत, खुर्ची बाजूला सरकवून जमिनीवर जाजम अंथरलेत आणि मला सांगितलेत, "उद्या मंडळातली मुलं घेऊन ये. चाळ बांधून." बुवांना फक्त एवढेच म्हणालात, "तुम्ही वाजवा. मशीन तुमच्या मागून येईल."

दादा, त्या वाक्यापुढे बाकी सगळे मला गौण वाटते. बुवांची मान ज्या तऱ्हेने वर झाली, ती पाहायला त्या मुंबईच्या काचेमागचे दोघे हवे होते.

त्या एका वाक्याची किंमत आपण पुढे किती मोजलीत, हे वाचकांना कळावे म्हणून सांगते. गाणे आधी क्लिकवर बांधून घेतले, की पुढचे काम सोपे होते. संगणकाला प्रत्येक ठोका कुठे पडणार हे ठाऊक असते. इथे उलट होते. बुवांची गत कडव्याला जरा मागे रेलते, सवाल फेकला की उसळते आणि जवाबाच्या वेळी आणखी पुढे जाते. आपण ती सगळी वाजवणूक आधी तशीच ध्वनिमुद्रित केलीत आणि मग एकेका आवर्तनाची गती हाताने नोंदवून, त्या नकाशावर किक (मशीनच्या मोठ्या ढोलाचा ठोका) आणि बेस (खालचे सूर) बसवलेत. बटण दाबून बुवांचा प्रत्येक ठोका रेषेवर ओढून घेणे हा काही क्षणांचा मामला होता, तो आपण केला नाहीत. मी चिंतेने विचारले, की असे हलते गाणे नाचाच्या गाण्यांत चालेल का, तर आपण मला १९७० च्या दशकातील डिस्कोची आठवण करून दिलीत. त्या तबकड्यांवर बहुतेक वेळा हाडामांसाचे ड्रमवादक असत, त्यांची गतीही कमीजास्त होई आणि दोन तबकड्या जुळवताना डीजे ती हाताने सांभाळून घेत. रोलँड कंपनीचे टीआर-९०९ हे ठोके वाजवणारे यंत्र १९८३ साली आले, त्याची किक पुढे जगभरच्या नृत्यसंगीतात रुजली आणि रेषेवरच्या ठोक्याची सवय सगळ्यांच्या कानांना लागली. पण लोक त्याआधीही नाचत होतेच की! वरातीत गाणे लावणाऱ्यांची पंचाईत होऊ नये म्हणून प्रत्येक गाण्याच्या आरंभी आणि अखेरीस स्थिर गतीची काही आवर्तने आपण आठवणीने ठेवलीत, म्हणजे त्यांना पुढचे गाणे जोडता यावे. कोणाचीच गैरसोय होऊ नये, हा आपला स्वभावच त्या मिक्सिंगमध्ये उतरला आहे.

मुलांच्या पायांतील चाळांचा किस्सा तर मी सर्वांना सांगत फिरते. ढोलकीच्या माइकमध्ये चाळांचा आवाज शिरला, तेव्हा आता सगळे पुन्हा करावे लागणार म्हणून मुले खजील झाली. आपण तो भाग दोनदा ऐकलात आणि मशीनमधली हाय-हॅट, म्हणजे झांजेसारखा आवाज, सरळ बंद केलीत. डान्स-पॉपमध्ये दोन किकच्या मधल्या जागेत हाय-हॅटचा जो छणत्कार येतो, त्या जागेवर आता आमच्या पोरांचे चाळ वाजतात. नंतर श्रेयनामावलीत 'चाळ' असा स्वतंत्र उल्लेख करून आपण प्रत्येक मुलाचे नाव घालायला लावलेत. त्यातल्या एकाच्या आईने ते मोबाइलवर मोठे करून शेजारणींना दाखवले.

ढोलकीच्या धुमेचा खर्ज आणि किक एकमेकांच्या अंगावर येत होते, तेव्हा मी ढोलकी पातळ करायला निघाले होते. आपण किकला आणखी खालच्या सुरात उतरवून ढोलकीला तिची जागा मोकळी करून दिलीत. शेवटी सर्व गाणी आपण एका जुन्या, साध्या मोबाइलवर लावून ऐकलीत, कारण त्याच्या लहानशा स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत आणि आमचे बहुतेक श्रोते तसेच ऐकणार होते. आवाज ठासून भरण्याला मात्र आपण ठाम नकार दिलात. स्पॉटिफायसारखी सेवा सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्स (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) या पातळीला आणून वाजवते, तेव्हा कोंबलेला मोठेपणा तिथे कमी होतो आणि चेपलेपणा तेवढा उरतो, हे आपण मला तीन वाक्यांत समजावलेत. आधीच्या ठिकाणी हे विचारल्यावर "ते टेक्निकल आहे, तुम्हाला कळणार नाही" असे उत्तर मिळाले होते.

प्रसिद्धीच्या कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते लिहिताना मला अजूनही राग येतो. एका कंपनीने एकरकमी थोडे पैसे घेऊन सर्व हक्क सोडून देण्याचा कागद पुढे केला होता, त्यावर वादकांचा साधा उल्लेखही नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतील वाटा राखून ठेवला आहे आणि तो कंपनीला असा लिहून देता येत नाही, हे आपण सांगितलेत आणि सही करण्याआधी वकिलाला दाखव म्हणालात. वकिलाने तेच सांगितले. कागद परत गेला. त्यात आपला एका पैशाचाही संबंध नव्हता.

अल्बम आला तेव्हा चाकरमानी गावाकडे निघाले होते. माझी मावसबहीण दिव्याहून सावंतवाडीच्या गाडीने येत होती. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, अशा गर्दीत दाराशी उभ्या असलेल्या मुलांच्या मोबाइलवर आमचे तिसरे गाणे लागले आणि सवाल संपताच डब्यातल्या कोणीतरी जवाबाची ओळ उचलली, असे तिने पनवेल सोडल्यावर फोन करून सांगितले. बुवांना मी अल्बम घरी जाऊन ऐकवला. ते सुपारी कातरत ऐकत होते. संपल्यावर किकबद्दल म्हणाले, "तो मागून वाजवणारा माणूस समजूतदार हाय." ते मशीन आहे, हे मी त्यांना सांगितले नाही, आणि खरे पाहता त्यांचे काही चुकलेलेही नव्हते.

आपल्याविषयी आणखी एक गोष्ट मला इतरांकडून कळली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, त्यात आपला तळमजल्यावरचा पहिला स्टुडिओ गेला. मिक्सर, माइक, जुन्या भजनी मंडळांची रेकॉर्डिंगे, काही हाती लागले नाही. आपण हे कधी बोलला नाहीत. माडीवरच्या खोलीत नव्याने मांडामांड केलीत आणि कामाला लागलात. एवढे सोसलेला माणूस दर वाढवून वसुली करील, असे जगाचे गणित सांगते. आपण पहिल्याच दिवशी खर्चाचा आकडा वहीच्या कागदावर लिहून दिलात, पाऊस पत्र्यावर वाजत असताना थांबावे लागले तो वेळ हिशेबात धरला नाहीत, लाइट गेली तेव्हा इन्व्हर्टरचे पैसे मागितले नाहीत आणि शेवटी त्याच आकड्यावर पावती फाडलीत. काम संपले त्या संध्याकाळी सर्व ट्रॅक नावानिशी लावलेली हार्ड डिस्क माझ्या हातात दिलीत, मी मागण्याआधी.

सज्जनपणाबद्दल आपण बोलतो तेव्हा फार मोठ्या त्यागाच्या गोष्टी डोळ्यांपुढे आणतो. मला वाटते, तो बऱ्याचदा असाच दिसतो: सांगितलेला आकडा पाळण्यात, ज्याची वस्तू त्याला परत देण्यात, समोरच्याला न कळणारी गोष्ट त्याला कळेल अशा भाषेत सांगण्यात. आपल्या कोकणात अशी माणसे पुष्कळ आहेत. गुहागरच्या एसटीतून आमची ढोलकी एकटी चिपळूणला आली, तेव्हा तिला पावसाचा थेंब लागू नये म्हणून आपली छत्री तिच्यावर धरून बसलेले वाहकही त्यांपैकीच. अशी माणसे जाहिरात करत नाहीत, आणि ज्यांच्या दारावर मोठी पाटी असते तिकडे आम्ही आधी धावतो, ही गोष्ट वेगळी.

आता कामाचे. पुढच्या अल्बमसाठी बुवांनी स्वतःहून दोन चाली काढल्या आहेत, आणि ढोलकीची गवसणी निघाली आहे हे आपल्याला यावरून समजेलच. मात्र त्यांचा निरोप असा आहे, की या वेळी त्यांना माडी चढायला लावू नये. गौरी-गणपतीत अंगणात नाच उभा राहील, तेव्हा आपणच माइक घेऊन गावी यावे आणि जेवायला थांबावे. विजेची सोय शेजारच्या घरातून करता येईल, तार किती लांब लागेल तेवढे कळवावे. मागच्या वेळी आपल्याकडे राहिलेले जाजम मात्र आणू नये; बुवा म्हणतात, ते तिथेच असू दे.

आपली कृतज्ञ,
अल्बमची गायिका, आणि गुहागर तालुक्यातील सर्व मंडळी