फट डाखाने भरू नका

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत हाताने सुरी घडवण्यावरचा लेख वाचला. पाते घासण्याचा भाग चांगला उतरला आहे. मात्र पितळी गार्ड, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधली आडवी पट्टी, बसवण्याबद्दल लेखकाने एका वाक्यात गाडी पुढे काढली आहे : 'फट राहिल्यास डाख भरून घ्यावा.' तीस वर्षं टूलरूममध्ये फिटर म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर चाळीसेक सुऱ्या केल्या, त्यामुळे हे वाक्य वाचून गप्प बसवलं नाही.

डाख म्हणजे जोडावर वितळवून लावायचा धातू, तो फट भरायला नसतो. पाणी आत शिरू नये म्हणून तो असतो. गार्ड पकडून ठेवायचं काम गार्डमधल्या खाचेचं आणि पात्याच्या खांद्यांचं. मुठीत जाणारी शेपटी जिथे सुरू होते, तिथले दोन्ही खांदे एका रेषेत आणि काटकोनात हवेत. मात्र खांदा आणि शेपटी मिळतात तो आतला कोपरा टोकदार ठेवू नये, किंचित गोलाई ठेवावी. पाणी दिलेलं, म्हणजे लाल तापवून झटकन गार करत कडक केलेलं पोलाद तडकतं ते अशाच कोपऱ्यातून.

खाचेसाठी मी शेपटीच्या जाडीपेक्षा अर्धा मिलीमीटर लहान बिट घेतो, ओळीने भोकं पाडतो आणि मधल्या भिंती बारीक कानशीने काढतो. मग शेपटीला काळं मार्कर फासून गार्ड सरकवायचा. अडेल तिथे पितळेवर काळा डाग उमटतो, तेवढाच घासायचा. पुन्हा मार्कर, पुन्हा सरकवणं. परवाच्या गार्डला असे एकवीस फेरे झाले, बायको म्हणाली एवढ्यात दुसरी सुरी झाली असती. खाच मागच्या बाजूने थोडी सैल चालते, पुढची कड मात्र घट्टच हवी, कारण दिसते ती तीच. शेवटचे दोन मिलीमीटर हाताने जात नाहीत. तिथे शेपटीवर जाड नळी चढवून हलके ठोके द्यायचे. नंतर दिव्यासमोर धरून बघायचं. उजेडाची रेघ दिसली तर अजून खांदे जुळलेले नाहीत.

आता डाखाचं. माझी पहिली सुरी भाच्यासाठी होती. खाच ढगळ झालेली, म्हणून मीही हेच केलं : समोरून ज्योत धरली आणि डाख ओतत राहिलो. बघता बघता पात्यावर पिवळी छटा आली, मग तांबूस, मग निळी, आणि ती सरळ धारेकडे चालत गेली. निळं दिसलं म्हणजे पोलाद 300 अंशांच्या आसपास गेलं. साध्या कार्बन पोलादाचं टेंपरिंग, म्हणजे पाणी दिल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं तापवणं, आपण 200 अंशांच्या आगेमागे करतो, म्हणजे धारेचं पाणी उतरलंच. भाच्याने दोरी कापायला घेतली आणि धार वळली. त्याने काही बोलून दाखवलं नाही, सुरी तेवढी परत आणून दिली.

कथिलात चार टक्के चांदी असलेला डाख 220 ते 230 अंशांत वाहतो, तो चालतो. सोनार वापरतात तसल्या चांदीच्या डाखाला 600 च्या वर आच लागते, तो पाणी दिलेल्या पात्याजवळ आणूच नये. टोक वर करून पातं उभं धरायचं, ओलं फडकं गुंडाळायचं आणि ज्योत गार्डच्या खालून, म्हणजे मुठीच्या बाजूने द्यायची. वितळलेला डाख उष्णतेकडे ओढला जातो, त्यामुळे समोरून लावलेला कण आपोआप खाचेत उतरतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं. डाख धरावा म्हणून आधी लावलेला फ्लक्स आम्लाचा असतो. माझ्या दुसऱ्या सुरीवर तीन महिन्यांत गार्डला लागून तांबडी रेघ उठली, ती फक्त धुण्याच्या कंटाळ्याने.

भट्टी-ज्योत नको असेल तर घट्ट बसलेला गार्ड इपॉक्सीवरही राहतो. शेपटीतून आरपार एक पिन टाकली की तो हलत नाही. मी हल्ली बहुतेकदा तेच करतो. पण पिनेचं भोक पोलादाला पाणी देण्याआधी पाडून ठेवावं लागतं, नंतर साधं बिट तिथे नुसतं फिरतं.

आणखी एक, लेखात सुरक्षेबद्दल अवाक्षर नाही. जुन्या डब्यातल्या डाखात कॅडमियम असू शकतं आणि त्याचा धूर जीवघेणा आहे. पितळ जास्त तापलं तर जस्ताचा धूर निघतो, त्याने तापासारखी कणकण येते. खिडकी उघडी ठेवा, एवढी एक ओळ तरी छापायला हवी होती.

पुढच्या रविवारी मूठ बसवण्याचा भाग आहे म्हणे. गोंद सुकायला किती तास द्यायचे, ते कृपया छापण्याआधी एकदा डबीवर वाचून घ्यावं.

आपला,
एक निवृत्त फिटर