भूछत्रावरची चिलटं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. भूछत्राच्या टोपीखालच्या त्या माश्या ‘सगळ्या सारख्याच’ दिसतात, असं तू लिहितोस. मला त्या एका फोटोतच तीन वेगळी कुळं दिसली! फोटो मोठा कर आणि रंग, आकार सोडून आधी शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा बघ.

देठाजवळच्या दोघींच्या शृंगिका लांब, बारीक मणी ओवल्यासारख्या आहेत. ही खरी चिलटं. त्यातली पाठीला बाक असलेली, पायांच्या नडग्यांवर ठळक काटे असलेली मायसेटोफिलिडी कुळातली. या कुळातल्या कित्येक जाती चाहूल लागताच टुणकन उडी मारतात. दुसरी काळपट, बहुधा सायारिडी कुळातली. खात्री करायची तर भिंगाखाली धर: हिचे दोन्ही डोळे शृंगिकांच्या वरून अरुंद पुलाने जोडलेले असतात. पंखाच्या मधल्या शिरेला घंटेच्या आकाराचा दुबेळका फुटलेला दिसेल. टोपीवरची आखूड शृंगिकांची, लाल डोळ्यांची माशी ड्रोसोफिलासारखी, म्हणजे पिकल्या फळांवर घोंगावणाऱ्या छोट्या माशीसारखी वाटते. धावत थबकत, पुन्हा धावत जाणारी कुबडी माशी दिसली, तर ती फोरिडी कुळातली; तिच्या पंखाच्या पुढच्या कडेपाशीच काय त्या जाड शिरा असतात.

पण सुहास, छत्रीवर बसलेली प्रत्येक माशी तिथेच वाढलेली नसते. दुर्गंधी सोडणाऱ्या भूछत्रांवर मोठ्या माश्या येतात त्या बीजाणूंनी भरलेला चिकट द्रव खायला, आणि जाताना बीजाणू घेऊन जातात. म्हणून मला वाटतं, नुसती पकडून नाव देण्यापेक्षा माशी वाढवावी. भोकं पडलेली, थोडी मऊ झालेली छत्री बरणीत ओलसर वाळूवर ठेव आणि तोंडाला मलमल बांध. एका बरणीत भूछत्राची एकच जात. तारीख आणि छत्रीचं वर्णन चिठ्ठीवर लिही. पाणी बेताचं, नाहीतर सगळं कुजेल. अळ्याही बघत राहा. काळं चकचकीत डोकं असेल तर ती चिलटाची. डोकंच दिसत नसेल, नुसते तोंडाचे आकडे असतील, तर ड्रोसोफिला, फोरिडी वगैरेंची. बऱ्याच अळ्या कोषात जायला वाळूत उतरतात, तेव्हा छत्रीचा चिखल झाला म्हणून बरणी फेकू नकोस. माशी बाहेर आली की दिवसभर तशीच राहू दे. पंख टणक होऊन रंग भरला की मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेव.

आणखी एक, आणि हे मी फार कळकळीनं सांगतोय. किडे खातात म्हणजे छत्री माणसालाही चालते, असं कुणी म्हटलं तर अजिबात ऐकू नकोस. ड्रोसोफिलाच्या काही जातींच्या अळ्या अल्फा-अमॅनिटिन असलेल्या छत्र्यांत वाढतात. तेच विष माणसाचं यकृत निकामी करतं.

पुढच्या खेपेस पंख पसरलेल्या माशीचा वरून एक आणि डोक्याचा समोरून एक, असे फोटो पाठव. शिरा स्पष्ट आल्या तर सायारिडीचा प्रश्न पत्रातूनच सुटेल.

तुझा,
अविनाश