फिश टँकमध्ये हात घालण्याआधी पिन काढा

महोदय,

पुण्यात थंडी पडली की फिश टँकवाल्या घरांत हीटर बाहेर निघतात. आमच्या शनिवार पेठेतल्या जुन्या घरातही निघाला, आणि गेल्या हिवाळ्यात त्यानेच मला धडा शिकवला.

रविवारी सकाळी नळी लावून मी अर्धी टाकी उपसली. हीटर चालूच राहिला. पाणी उतरल्यावर त्याची काचेची नळी उघडी पडून तापली आणि वरून बादलीभर गार पाणी ओतताच बारीकसा ‘टक्’ आवाज आला. मी दुर्लक्ष केले. संध्याकाळी कलंडलेले रोप सरळ करायला हात घातला आणि असा झटका बसला की कोपर मागच्या कपाटावर आपटले. मी अनवाणी, खाली सकाळपासून ओली शहाबादी फरशी! गंमत म्हणजे मासे आरामात पोहत होते. “मासे ठणठणीत आहेत, तुम्हालाच मुंग्या आल्या असतील,” असे सौभाग्यवतींचे निदान.

दुसऱ्या दिवशी वायरमनने हीटरचे बटण बंद करून पाण्यात टेस्टर धरला, तरी दिवा लागला. जुन्या वायरिंगमध्ये बटण वीज आणणाऱ्या फेजच्या वायरीऐवजी ती परत नेणाऱ्या न्यूट्रलवर जोडलेले होते, म्हणजे बटण बंद केले तरी हीटरपर्यंत वीज पोहोचतच होती. माशांचे कोडेही त्यानेच सोडवले. मासा पूर्ण पाण्यात असतो, त्याच्यातून वीज जमिनीकडे जायला वाट नसते. ती वाट ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस करून देतो.

“मग एमसीबी का पडला नाही?” हा माझा प्रश्न. एमसीबी, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच, वायरिंग सांभाळतो, माणसाला नाही. आमचा १६ अँपिअरचा आहे, आणि जीव जायला त्याच्या शेकडो पटींनी कमी प्रवाह पुरतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नावाचा वेगळा स्विच लागतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परतला नाही, की तो क्षणार्धात वीज तोडतो. आमच्यासारख्या घरात, जिथे तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची वायरच नाही, तिथेही तो काम करतो. (अर्थिंग करून घ्यायचेच आहे. वाड्याचा पुनर्विकास होईल तेव्हा होईल, असे म्हणत वीस वर्षे गेली.)

तेव्हापासून टाकीत हात घालायचा तर हीटर, फिल्टर, दिवा, सगळ्यांच्या पिना सॉकेटमधून बाहेर. नुसत्या बटणावर भरवसा नाही. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी तर मेन स्विचवरही विसंबू नये, मेन पाडला तरी इन्व्हर्टर काही सॉकेट चालू ठेवतो. हीटरची पिन पाणी उपसण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधीच काढायची, म्हणजे काच निवते. वायरीला सॉकेटच्या खाली झोल ठेवला की तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकते, सॉकेटात शिरत नाही. आमचा एक्स्टेन्शन बोर्ड नेमका टाकीखालच्या कपाटात पडलेला होता, तो आता भिंतीवर उंच ठोकला आहे. हवेचा पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे पंपात उतरू शकते. त्यासाठी नळीत बसणारा छोटा व्हॉल्व्ह अगदी किरकोळ किमतीत मिळतो.

माझी तक्रार आहे ती मासे विकणाऱ्यांबद्दल. मी जिथून हीटर घेतला त्या दुकानदाराने माशांना किती दाणे घालायचे ते दोनदा समजावले, हीटरबद्दल चकार शब्द नाही. खोक्यात दोन पिनांची वायर आणि परदेशी लिपीतला एक चिटोरा. पिशवीला रबर लावता लावता “आधी पिन काढा, मग हात घाला” एवढे सांगायला असा कितीसा वेळ लागतो? दुकानात मराठीत एक पाटी लावली तरी चालेल. पाट्यांची पुण्यात काही वाण नाही.

आमच्याकडे आरसीसीबी बसला. तो शाबूत आहे की नाही हे पाहायला दर महिन्याच्या एक तारखेला मी त्याचे ‘टेस्ट’ बटण दाबतो. घरभर अंधार होतो, आणि मालिका मध्येच तुटली म्हणून आतून माझा उद्धार होतो.

– एक वाचक, शनिवार पेठ, पुणे