सहभागाच्या निकषांचे पान स्वतः वाचा

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आनुवंशिक आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी मंजुरीसाठी येते तेव्हा त्या फायलीत सहभागाच्या निकषांचे एक पान असते. वय किती, कणा किती वाकलाय, श्वासाला यंत्र लागते का, यावरून कोणाला घ्यायचे ते तिथे ठरते. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. तो बहुधा त्या पानावरच गळतो.

निकषांमागचे कारण मला समजते. एसएमएन१ जनुकातल्या दोषामुळे मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरतात आणि मेलेली पेशी परत येत नाही, म्हणून तान्ह्या बाळांत औषधाचा गुण ठळक दिसतो. तुलनेसाठी नवे औषध न मिळणारा गट हवा हेही मान्य. व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड या फिट्सवरच्या औषधाने एसएमएत तुलनेविना झालेल्या अभ्यासात आशा दाखवली होती. तुलना करून पाहिल्यावर ती टिकली नाही. नुसिनर्सेन हे एसएमएवरचे औषध कमरेतून मणक्यात टोचतात; त्याच्या चाचणीत तुलनेच्या गटातल्या बाळांच्या कमरेवर नुसती सुई टोचून पट्टी लावत. (त्या आईबापांनी सही कशी केली असेल!) फरक इतका स्पष्ट दिसला की २०१६ मध्ये चाचणी मुदतीआधी थांबवून त्या बाळांनाही औषध देऊ केले.

पण आता नुसिनर्सेन, रिसडिप्लाम आणि जनुकोपचार असे तीन उपचार आहेत. यापुढे कोणत्याही मुलाला औषधाविना, निव्वळ दिखाव्याच्या उपचारावर ठेवण्यास परवानगी देऊ नका. मूळ औषध दोन्ही गटांना चालू ठेवून नवे औषध एकालाच देता येते. स्नायूंवर काम करणारी औषधे तशीच तपासली गेली आहेत.

आणि मोठ्या मुलांना वगळायचे असेल, तर प्रत्येक अटीचे कारण लेखी मागा. रिसडिप्लामच्या एका चाचणीत २ ते २५ वर्षांचे रुग्ण होते, वाकलेल्या कण्याचेही. म्हणजे जमते.

मोजमापाचेही बघा. बसणे, कुशीवर वळणे, उभे राहणे अशा हालचालींना गुण देणाऱ्या हॅमरस्मिथ मोजपट्टीवर माझा मुलगा शून्याच्या आसपास असतो. त्याची खुर्ची मात्र अंगठ्याने चालते. त्या अंगठ्यातली ताकद वर्षभर टिकली तरी आमच्या दृष्टीने औषध लागू पडले. हाताची हालचाल मोजणाऱ्या चाचण्या आहेत. त्या सक्तीच्या करा.

शेवटची मागणी: चाचणी संपल्यावर, ज्यांना गुण आला त्यांचे औषध ते बाजारात मिळेपर्यंत कंपनीने मोफत चालू ठेवावे. ही अट मंजुरीपत्रातच घाला, नंतरच्या विनंतीअर्जांवर सोडू नका.

आपली,
एसएमए असलेल्या मुलाची आई